आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं, सगळ्यांना एकत्र संगणक शिकवता येईल का? सुरुवात कुठून करावी?

येईल. पण सगळ्यांना एकच धडा दिलात तर आठवड्याभरात निम्मे गळतील. मी नाशिकच्या सिडकोत बरीच वर्षं एमएस-सीआयटीचे (संगणकाच्या प्राथमिक कोर्सचे) वर्ग घेतले, आता इंदिरानगरला घरीच शिकवतो, त्यावरून सांगतो.

तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडच्या सोसायटीत सरकारी छापखान्यातून (प्रेसमधून) निवृत्त झालेले काका, काही आज्या आणि सातवी-आठवीची मुलं आहेत, आणि लॅपटॉप दोनच. दोन पुरतात. फक्त साधे माऊस विकत आणा, टचपॅडवर ज्येष्ठांचा जीव काढू नका. आणि 'हा मॉनिटर, हा सीपीयू' असली आकृती पहिल्या दिवशी अजिबात नको.

मुलांना सगळं येतं असं आपण धरून चालतो. त्यांना मोबाइल येतो. सेव्ह केलेली फाइल कुठे आहे विचारा, "वर्डमध्ये" असं उत्तर येईल. मोबाइलने त्यांना कधी फोल्डर बघायची वेळच आणलेली नसते. उलट जन्मभर ऑफिसात कागद लावलेल्या काकांना कपाट, खण, फाइल हे समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा फोल्डरचा धडा काकांनी मुलांना द्यावा. एवढ्यानेही वर्गातलं अवघडलेपण बरंच कमी होतं.

ज्येष्ठांची खरी अडचण डबल क्लिक. हात थरथरतो, दोन क्लिकच्या मध्ये माऊस सरकतो आणि आयकॉन उघडायच्या ऐवजी जागा सोडतो, नाहीतर नाव बदलायची चौकट उघडते. मग "बिघडलं वाटतं" म्हणून हात मागे. त्यांना एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा, डबल क्लिक नंतर येईल. सेटिंग्जमध्ये पॉइंटर मोठा करा, डबल क्लिकचा वेग कमी करा. हात बसायला सॉलिटेअर उत्तम. 1990 च्या विंडोज 3.0 पासून तो पत्त्यांचा डाव आहे, आणि पत्ता उचलून दुसरीकडे ठेवताना माऊस आपोआप वळणावर येतो. कंट्रोल आणि झेड मात्र पहिल्याच दिवशी: केलेलं मागे घेता येतं हे कळलं की भीती निम्मी होते.

मराठी टायपिंगसाठी आज्यांना इनस्क्रिप्ट (थेट मराठी अक्षरांच्या कळा) द्या, मुलांना फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी उमटतं). दोन्ही विंडोजमध्येच मिळतात. भाषा एकदा जोडली की विंडोजची कळ आणि स्पेस दाबून बदलते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, इंग्रजी स्पेलिंगची भानगड नाही. 'नाशिक' लिहायला न, काना, श, वेलांटी, क. वेलांटी दिसते श च्या आधी, पण दाबायची नंतर. तुमच्या काकांपैकी कोणी जुन्या मराठी टाइपरायटरवर बसलेलं असेल तर तिथेच अडेल, कारण त्यावर ती आधी मारायची सवय असते.

पुढचे धडे ज्याच्या-त्याच्या कामातून काढा. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरातला हयातीचा दाखला: त्याची ऑनलाइन सोय, जीवन प्रमाण, 2014 पासून आहे आणि आता फोनवर चेहरा दाखवूनही होतो. निफाड-दिंडोरीला शेत असेल त्याला महाभूमी या सरकारी वेबसाइटवरचा सातबारा (नुसता बघायला फुकट, डिजिटल सहीचा 15 रुपयांत), कोणाला लासलगावचे कांद्याचे भाव, कोणाला पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट. गरजेचं काम असलं की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

फसवणुकीचा विषय शेवटच्या तासाला ढकलू नका, इंटरनेट दाखवाल त्याच दिवशी घ्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. फोनवर कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायचं नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत. आणि गेलेच पैसे, तर लाजत न बसता लगेच 1930 लावायचा, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर.

वही हवीच, आणि त्यांच्या स्वतःच्या शब्दांत. एक आजी 'कोपऱ्यातली फुली दाबली की बंद' असं लिहून ठेवतात, ते माझ्या छापील नोट्सपेक्षा चालतं. त्याच वहीत पासवर्ड लिहिले तर जाणकार नाकं मुरडतात. मला विचाराल तर वही कपाटात राहणार असेल तर लिहू द्या, सगळीकडे नातवाची जन्मतारीख टाकण्यापेक्षा बरं.

राहिला एक नियम, आणि तो पाळणं सगळ्यात जड. शिकणाऱ्याच्या हातातला माऊस कोणी घ्यायचा नाही. "द्या इकडे आजोबा, मी करतो" म्हणणाऱ्या नातवाला हात पाठीमागे धरून उभं करा आणि फक्त तोंडाने सांगू द्या. पहिले काही दिवस तो वैतागतो, मग त्यालाही डावीकडे-उजवीकडे, वर-खाली असं नीट बोलता यायला लागतं. तुम्हालाही हाच नियम, बरं का.

वेळ संध्याकाळी पाचच्या आत ठेवा. नंतर आज्या देवळात जातात आणि मुलं मैदानात, वर्गात तुम्ही एकटेच उराल.