माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे, हृदयविकार नाही. मुलाने दुबईहून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. रोज एक घेतली तर हृदयाला फायदा होईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, मुलाची माया कळते, पण फायदा होईल असं मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये ‘असेंड’ नावाची चाचणी झाली, अगदी तुमच्यासारख्यांवर : मधुमेह आहे, हृदयविकार नाही, असे १५,४८० जण. निम्म्यांना रोज एक ग्रॅम माशाचं तेल, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. सात वर्षांनंतर हृदयविकार, पक्षाघात वगैरेचं प्रमाण माशाचं तेल घेणाऱ्यांत ८.९ आणि बाकीच्यांत ९.२ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच!

डबीची मागची बाजूही वाचा. पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण त्यातलं ओमेगा-३, म्हणजे ज्यासाठी हे तेल घेतात तो स्निग्ध घटक, बहुधा ३००च्या आसपास.

ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) फार वाढली असतील तर गोष्ट वेगळी. तिथे मोठी मात्रा लागते. त्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही असतो, म्हणून ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि रत्नागिरीत राहून मासा डबीतून कशाला? आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा. तळून नको, तिखलं करा.