रोझा वन वापरताय? आधी आकार बघा

रोझा वन हा देवनागरी फॉन्ट मथळ्यासाठीच आहे: दांडे ठसठशीत जाड, जोडरेघा केसासारख्या बारीक. शिवाजी मंदिरातल्या प्रयोगाच्या पोस्टरवर नाटकाचं नाव त्यात झकास दिसेल. तारीख, वेळ, तिकीटदर मात्र ‘मुक्ता’ या दुसऱ्या फॉन्टमध्ये लावा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत, तेही काळ्यावर पांढरं, रोझा वन नकोच. शाई पसरून बारीक रेघा बुजतात, मग ‘ष’चा ‘प’ होतो. अक्षरांतलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलंत की शिरोरेषा तुटते. नाव दोन ओळींत असेल तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतोय का, ते मोठं करून पाहा. अडकला तर ओळींतलं अंतर वाढवा. आणि बोल्डचं बटण दाबूच नका. रोझा वनचं वजन, म्हणजे अक्षरांची जाडी, एकच आहे. सॉफ्टवेअर खोटी जाडी चढवतं आणि या फॉन्टची सगळी ऐट जाते.