हमीभाव, कांद्याचे शुल्क आणि उसाचे बिल : सरकारचा हात बाजारात कुठवर पोचतो?

शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा आलेल्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे : एवढे कायदे असताना भाव का पडतो? प्रत्येक कायद्याचे काम वेगळे आहे. ते कळले की दाद कुठे मागायची तेही कळते.

हमीभाव जाहीर असताना व्यापारी सोयाबीन कमी दराने घेतो. हा गुन्हा नाही का?

2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्र सरकार दर जाहीर करते. मात्र हा सरकारी खरेदीचा दर आहे. खासगी व्यापाऱ्यानेही तोच द्यावा अशी सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. सरकार खरेदीला उतरले की बाजारात एक मोठे गिऱ्हाईक वाढते आणि भाव सावरतो, असा यामागचा हिशेब. खरेदी केंद्र उशिरा उघडले तर गरजू शेतकऱ्याचा माल तोवर विकला गेलेला असतो. केंद्रे काढणीआधीच सज्ज हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या हातात आहे तो ओलावा. केंद्रावर साधारणपणे 12 टक्क्यांपर्यंतचाच माल घेतात. 18 टक्के ओलाव्याचे एक क्विंटल सोयाबीन वाळवून 12 टक्क्यांवर आणले की सुमारे 93 किलो भरते. 2025-26 च्या हमीभावाने त्याचे सुमारे 4,960 रुपये होतात. ओल्या मालाला यापेक्षा बराच कमी दर सांगितला, तर चार उन्हे देणे परवडते. सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद, आधार आणि बँक पासबुक तयार ठेवून नोंदणी आधीच करा. पैशांची निकड असेल तर पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेची आपल्या बाजार समितीत चौकशी करा. माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज मिळते, पडत्या भावात विकावा लागत नाही.

मग बाजार समितीचा कायदा कशासाठी?

भाव ठरवण्यासाठी नव्हे, तो उघड्यावर ठरावा म्हणून. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. शेजारी उभ्या असलेल्या मालधन्यालाही दर कळत नसे. कारंजा येथे 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि आज राज्यात 1963 चा पणन अधिनियम लागू आहे. उघड लिलाव, खरे वजन, वेळेवर पैसे हा त्याचा गाभा. पक्की हिशोबपट्टी घेतल्याशिवाय यार्डातून निघू नका. व्यापारी संगनमताने बोली दाबत असतील, तर 2002 च्या स्पर्धा कायद्यानेही त्याला मनाई आहे. लेखी तक्रार आधी समितीच्या सचिवांकडे द्या, दखल घेतली नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे जा.

कांदा परदेशी जातच नाही, तरी निर्यातबंदीने आमचा भाव का पडतो?

ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले आणि डिसेंबरात बंदी आली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिले. ते 1 एप्रिल 2025 पासून पूर्ण हटले. समजा, बाहेर किलोला 28 रुपये मिळतात. 40 टक्के शुल्क गेल्यावर निर्यातदाराकडे सुमारे 17 उरतात. यार्डात तो त्या बेताने बोली लावतो, आणि त्याची बोली उतरली की शेजारच्या ढिगाचीही उतरते. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हा हेतू मला मान्य आहे. पण त्याचा भार एकट्या उत्पादकावर टाकणे न्याय्य नाही. निर्णय किमान लागवडीआधी तरी कळायला हवेत. तोवर चाळीतला माल एकदम न काढता टप्प्याटप्प्याने विका.

उसाचे बिल थकले आहे. काय करू?

इथे कायदा तुमच्या बाजूने ठाम आहे. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान रास्त दर, मिळाली पाहिजे. उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज लागू होते, आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते. वजनाच्या पावत्या तारखेनुसार लावून साखर आयुक्तालयाकडे अर्ज करा आणि त्यात व्याजाची मागणी वेगळी लिहा. ती बहुतेक अर्जांत राहून जाते.