पेज बदललं तरी जुनंच दिसतंय!

प्रश्न: सर, काकांच्या दुकानाच्या माळ्यावर एक जुना ३८६ (इंटेलचा जुना प्रोसेसर) बोर्ड मिळाला, त्याच्यावर प्रोटेक्टेड मोड (मेमरीला संरक्षण देणारा मोड) शिकतोय. ४ एमबीच्या पत्त्यावर ४ केबीची एक खिडकी ठेवलीय, पेज टेबलातली (पेज मेमरीत खरं कुठं आहे ते सांगणारी) एन्ट्री बदलून तिथं कधी हे पेज (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) आणायचं कधी ते. पहिलं पेज बरोबर दिसतं, दुसरं आणलं की परत पहिल्याचाच डेटा. गंमत म्हणजे मधे शंभरेक वेगळी पेजं वाचणारा लूप टाकला की चालतंय! मग आयएनव्हीएलपीजी (प्रोसेसरनं लक्षात ठेवलेला एका पेजचा पत्ता विसरायला लावणारी इन्स्ट्रक्शन) घातलं, तर एम्युलेटरवर झकास आणि बोर्डावर डायरेक्ट रीबूट. डोकंच चालंना.
– एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: भावा, उत्तर तुझ्या त्या लूपमधेच आहे. एक पत्ता शोधायचा म्हणजे प्रोसेसरला वरच्या १० बिटांनी डिरेक्टरी (पेज टेबलांची यादी), पुढच्या १० नी टेबल बघावं लागतं, उरलेली १२ पेजच्या आतली जागा. दरवेळी मेमरीत दोन जादा फेऱ्या मारत बसला तर संपलंच की, म्हणून तो शोधलेले पत्ते टीएलबी नावाच्या आतल्या छोट्या यादीत लक्षात ठेवतो, ३८६ मधे असे ३२ च बसतात, म्हणजे १२८ केबीपुरते. तू टेबल बदललंस पण टीएलबीला कोण सांगणार? तुमच्या गल्लीतलं क्लिनिक नवव्या गल्लीत गेलं तरी रोजचा रिक्षावाला तिसऱ्यातच नेऊन सोडतो तसलं हे. शंभर पेजं वाचलीस तेव्हा नव्या पत्त्यांनी जुना बाहेर ढकलला, बास. आणि पहिलं पेज न सांगता कसं दिसलं, तर आधी तिथल्या एन्ट्रीचं प्रेझेंट बिट (पेज मेमरीत आहे का ते सांगणारं) शून्य होतं, आणि तसली एन्ट्री तो लक्षात ठेवतच नाही.

आता रीबूट. आयएनव्हीएलपीजी आलं ४८६ बरोबर, १९८९ ला. ३८६ ला ती इन्स्ट्रक्शन कळतच नाही, मग तो ६ नंबरचा एक्सेप्शन (चुकीचा इशारा) देतो, तू तो सांभाळणारा कोड, म्हणजे हँडलर, लिहिलेला नसणार, म्हणून डबल फॉल्ट, त्याचाही हँडलर नाही, झालं, बोर्ड परत पहिल्यापासून. एम्युलेटर बहुतेक पुढचा प्रोसेसर दाखवत असणार, त्याच्या झकासवर जाऊ नकोस.

३८६ वर एन्ट्री लिहिली की सीआर३ (डिरेक्टरीचा पत्ता ठेवणारा रजिस्टर) ईएएक्स या साध्या रजिस्टरमधे घ्यायचा आणि तोच आकडा परत सीआर३ मधे टाकायचा. आकडा तोच असला तरी टीएलबी पूर्ण रिकामा होतो. फक्त सगळे पत्ते परत शोधावे लागतात, त्यामुळं दहा एन्ट्र्या बदलायच्या असतील तर दहाही बदल आणि मग एकदाच कर. ३८६ आणि ४८६ दोन्हीवर चालवायचं असेल तर कुठला आहे ते ओळखायला ईफ्लॅग्ज या रजिस्टरचं १८ वं बिट उलटवून बघ, ३८६ वर ते उलटत नाही.

प्रश्न: पेज रीड-ओन्ली केलं तरी माझा कर्नल त्यात बिनधास्त लिहितोय, फॉल्ट येत नाही. बोर्ड ३८६ च.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: येणारच नाही. रिंग ० मधल्या (सगळे अधिकार असलेल्या, म्हणजे कर्नलच्या) कोडला ३८६ त्या रीड-ओन्ली बिटावरून अडवतच नाही, ते अडवणारं सीआर० रजिस्टरमधलं डब्ल्यूपी बिट ४८६ पासूनचं. रिंग ३ मधून (साध्या प्रोग्रॅमच्या पातळीवरून) लिहून बघा, १४ नंबरचा फॉल्ट येईल आणि कुठल्या पत्त्यावर अडकलं ते सीआर२ रजिस्टरमधे मिळेल.