सकाळी भट्टी, संध्याकाळी गारठा : जुने स्टोरेज हीटर ताब्यात कसे ठेवायचे

तुमचा प्रश्न असा आहे: मँचेस्टरमधला भाड्याचा फ्लॅट, हॉलमध्ये ३.४ किलोवॉटचा आणि बेडरूममध्ये १.७ किलोवॉटचा जुना स्टोरेज हीटर (रात्री उष्णता साठवून दिवसा सोडणारा), वीज इकॉनॉमी ७ दराची, म्हणजे रात्रीचे सात तास स्वस्त आणि बाकी वेळ महाग. सकाळी घर तापलेलं, संध्याकाळी कामावरून येईपर्यंत हीटर कोमट, आणि बिल फुगलेलं. स्मार्ट प्लग लावून भागेल का?

स्मार्ट प्लगचा विचार सोडून द्या. ३.४ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ १५ अँपिअर, तेही सलग सात तास. तिथला प्लग १३ अँपिअरचा. म्हणूनच या हीटरला प्लग नसतो. प्रत्येकाची स्वतंत्र वायर असते, शेजारी भिंतीवर २० अँपिअरचा डबल पोल (दोन्ही तारा एकदम तोडणारा) स्विच असतो, आणि या वायरी बहुधा वेगळ्या फ्यूज बॉक्समधून येतात, जो फक्त रात्री चालू होतो.

आतली रचना अगदी साधी आहे. लोहऑक्साइडच्या जड विटा, त्यांच्यामध्ये साधारण ८५० वॉटचे एलिमेंट, म्हणजे तापणाऱ्या कांड्या, आणि बाहेरून इन्सुलेशन. १.७ मध्ये दोन एलिमेंट, ३.४ मध्ये चार. गावाकडे रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवतात आणि सकाळी राख बाजूला सारून फुंकर घालतात, तोच प्रकार. इनपुट नॉब म्हणजे रात्री किती निखारे झाकायचे, आणि आउटपुट नॉब म्हणजे राख कधी सारायची. बहुतेकांची गफलत इथेच होते: थंडी वाजली की इनपुट वाढवतात. दुपारी इनपुट फिरवून काहीही होत नाही, कारण तेव्हा त्या वायरीत वीजच नसते. त्याचा परिणाम उद्या दिसतो, आणि उद्या कदाचित ऊन पडलेलं असतं.

आउटपुट नॉब वरची झडप उघडतो, त्याला वीज लागत नाही. तो झोपण्यापूर्वी १ वर आणलाच पाहिजे. उघडा राहिला तर रात्री भरली जाणारी उष्णता तेव्हाच खोलीत येते, आणि इनपुटचा थर्मोस्टॅट खोलीच्या हवेवरही चालत असेल तर खोली उबदार समजून चार्जिंग लवकर तोडतो. म्हणजे दोन्हीकडून तोटा. तुम्ही दिवसभर घरी नसता, तर सकाळीही तो १ वरच राहू द्या. पत्र्यातून जेवढी उष्णता आपोआप गळते तेवढी सकाळला पुरते. घरी आल्यावर ५-६ वर न्या.

आता चार्ज किती करायचा, म्हणजे रात्री किती उष्णता भरायची ते. नॉबवरच्या आकड्यांवर फार विसंबू नका, जुने थर्मोस्टॅट हमखास सरकलेले असतात. खरा आकडा मीटर देतो. रोज सकाळी मीटरवरच्या रात्रीच्या रजिस्टरचं (रात्रीचे युनिट वेगळे मोजणाऱ्या आकड्याचं) रीडिंग लिहा, सोबत त्या दिवसाचं बाहेरचं सरासरी तापमान. गरम पाण्याचा इमर्शन हीटरही रात्रीच चालत असेल तर त्याचे युनिट वजा करा. समजा बाहेर ५ अंश असताना २५ युनिटमध्ये घर १९ अंशांवर नीट राहिलं. फरक १४ अंशांचा, म्हणजे अंशाला सुमारे १.८ युनिट. मग बाहेर १० अंश असताना १६ युनिट पुरतात, शून्याला ३४ लागतात. तुमचे दोन्ही हीटर मिळून ५.१ किलोवॉटचे, सात तासांत जास्तीत जास्त ३५.७ युनिट घेतात. म्हणजे ५ अंशांना पाच तास, १० अंशांना तीन तासांहून थोडं जास्त, आणि शून्याच्या खाली गेलं की हे हीटर अपुरे पडणारच, नॉब कितीही पिळा. आठवडाभराच्या नोंदीत तुमच्या घराचा आकडा हाती येतो.

पाचच तास हवे असतील तर कोणते पाच? शेवटचे. समजा स्वस्त वीज रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात मिळते. साडेबाराला सुरू करून साडेपाचला पूर्ण भरलेला हीटर तुम्ही उठायच्या आधीच गळू लागतो. अडीचला सुरू करून साडेसातला भरला तर तीच उष्णता दोन तास पुढे सरकते. जुन्या हीटरमध्ये एवढं मिळवणं म्हणजे पुष्कळच.

त्यासाठी घड्याळवाला टायमर लावायला जाल तर फसाल. रात्रीच्या वायरीवर लावलेला, बॅटरी नसलेला टायमर दिवसभर बंद पडतो आणि दुसऱ्याच रात्री त्याची वेळ चुकते. त्यापेक्षा डिले-ऑन रिले (वीज आल्यावर ठरावीक वेळ थांबून जोडणारा छोटा स्विच) आणि २५ अँपिअरचा डबल पोल काँटॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) ही जोडी बरी. रात्रीची वीज आली की रिले मोजायला लागतो, दोन तासांनी काँटॅक्टरची कॉइल ओढतो. रिलेच्या छोट्या काँटॅक्टमधून हीटरचा करंट जाऊ द्यायचा नाही, फक्त कॉइलचा. यात घड्याळच नसल्यामुळे उन्हाळी वेळेचाही (उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेतात, त्याचा) प्रश्न येत नाही. अनेक मीटर वर्षभर ग्रीनिच वेळेवर चालतात, तिथे साडेबारा ते साडेसात उन्हाळ्यात दीड ते साडेआठ होतं. प्रत्येक हीटरला वेगळा रिले लावा आणि इनपुट वरच्या आकड्यावर ठेवा, म्हणजे वेळच चार्ज ठरवेल. हे काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनचं आहे, आणि फ्लॅट भाड्याचा असल्याने मालकाची परवानगी आधी.

मीटरही तपासून घ्या. पूर्वी अनेक घरांत रात्रीची वायर रेडिओ टेलिस्विच जोडायचा. बीबीसीच्या १९८ किलोहर्ट्झ लाँग वेव्हवरून त्याला इशारा यायचा. ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली. बदली स्मार्ट मीटर पाच टर्मिनलचा हवा. पाचवं टर्मिनल रात्रीच्या वायरीसाठी असतं. साधा चार टर्मिनलचा लावून हीटर कायमच्या विजेवर जोडले तर ते दुपारीही महाग दराने भरतात. तपासणी सोपी आहे: दुपारी घरातलं सगळं बंद करा, इनपुट पूर्ण वाढवा, भिंतीवरचा स्विच चालू करा आणि मीटरवर लोड, म्हणजे त्या क्षणी किती वीज ओढली जातेय, ते पाहा. किलोवॉटमध्ये उडी दिसली तर बिल फुगण्याचं कारण सापडलं. असं निघालं तर वरचा डिले-ऑन रिलेही उपयोगी नाही, आधी मीटर दुरुस्त करून घ्या.

संध्याकाळच्या शेवटच्या दोन-तीन तासांसाठी इनपुट वाढवून ठेवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मला पटत नाही. उदाहरणादाखल दिवसाचा दर ३० पेन्स, रात्रीचा १५ धरा. रात्री ९ वाजता ऊब उरावी म्हणून १० युनिट जास्त भरले तर १५० पेन्स गेले, आणि त्यातले बरेचसे तुम्ही ऑफिसात असताना गळाले. एक किलोवॉटचा साधा कन्व्हेक्टर (हवा तापवणारा प्लगचा हीटर) तीन तास चालवला तर ९० पेन्स. मात्र हीटरच्या अंगातच बूस्ट कन्व्हेक्टर असेल तर तो दिवसा आणि संध्याकाळी दिवसाच्या दराने चालतो हे विसरू नका. तो चालूच राहून गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. याच दरांवर, दिवसरात्र एकच असलेला एकेरी दर २५ पेन्स असेल तर एकूण वापरातला किमान एक तृतीयांश रात्री झाला तरच इकॉनॉमी ७ परवडतं.

एखादा हीटर सगळं करूनही अर्धवट तापत असेल तर एलिमेंट गेलेला असतो. रात्री फक्त तोच चालू ठेवून लोड पाहा: ३.४ ऐवजी २.५५ दिसला की चारातला एक मेला. चांगल्या एलिमेंटचा रोध ६२ ते ६८ ओहम येतो. अजिबातच तापत नसेल तर आधी थर्मल कटआउट (हीटर फार तापला की वीज तोडणारा स्विच) तपासायचा. वर कपडे वाळत घातले की तो हमखास उडतो. उघडण्यापूर्वी दोन दिवस थंड होऊ द्यावा लागतो, कारण विटा काही शे अंशांना गेलेल्या असतात. बूस्टवाल्या हीटरला दोन वेगवेगळ्या वायरी येतात, दोन्ही बंद असल्याची व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरने खात्री करायची. आणि हीटर १९७० च्या दशकातला किंवा त्याआधीचा दिसत असेल तर स्क्रूला हातही लावू नका, आत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मालकाला लेखी कळवा.