‘गिफ्ट’मध्ये विष कुठून आलं?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. एकाच मुळातून आलेल्या शब्दांची तुझी यादी बारकाईने वाचली. जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’, दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणे’, तेव्हा ही सख्खी भावंडं, असं तू ठोकून दिलंयस. रूप सारखं, अर्थ सारखा, पण नातं नाही! दोघींच्या मूळ भाषेतला ‘क’ लॅटिनने राखला, जर्मानिक भाषांत (जर्मन, इंग्रजी, स्वीडिश यांच्या कुळात) त्याचा ‘ह’ झाला. शंभराला लॅटिनमध्ये ‘केंटुम’, जर्मनमध्ये ‘हुंडर्ट’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाचाच हा भाग. त्या हिशेबाने ‘हाबेन’चं लॅटिन भावंड ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. ‘हाबेरे’चा धागा बहुतेक अभ्यासक जर्मन ‘गेबेन’शी, म्हणजे चक्क ‘देणे’शी जोडतात.

आता ‘गेबेन’च्या घरातलाच ‘गिफ्ट’ बघ. जुन्या जर्मनमध्ये तो देणगीच होता; वधूसोबत येणाऱ्या हुंड्याला अजून ‘मिटगिफ्ट’ म्हणतात. आज मात्र जर्मनीत बाटलीवर ‘गिफ्ट’ लिहिलेलं असेल तर आत विष समज. वाट लागली ती वैद्यांमुळे. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणं, पुढे औषधाची मात्रा. त्याच धर्तीवर ‘गिफ्ट’लाही मात्रेचा अर्थ चिकटला आणि मात्रेची जीवघेणी मात्रा झाली. (आपला ‘डोस’ तिथलाच, आणि ‘डोसिस’चा धातू संस्कृत ‘दा’चा सख्खा. हे नातं मात्र खरं.) जर्मनमध्ये लिंगही बदललं: ‘मिटगिफ्ट’ स्त्रीलिंगी, विष नपुंसकलिंगी.

स्वीडिशमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विषही आणि विवाहितही. यावरचे विनोद तिथे शिळे झालेत, तू नको करूस. विवाहाचा अर्थ कन्या ‘देण्या’तून आला. जुन्या इंग्रजीतही हा शब्द वधूमूल्यासाठी होता, उच्चार ‘यिफ्ट’कडे झुकणारा. आजचा ‘ग’ इंग्रजीने नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या लोकांकडून घेतला. गंमत अशी, की स्वीडिश लोक स्वतः आता ‘यिफ्ट’च म्हणतात.

तेव्हा शब्द हाती आला की आधी त्याचा सगळ्यात जुना अर्थ काढ, मग लिंग, मग ध्वनी. आजचा अर्थ शेवटी. ग्रिम बंधूंचा जर्मन शब्दकोश उघडायची सवय लाव. पहिला खंड १८५४चा, काम संपलं १९६१ मध्ये, त्यामुळे सुरुवातीचे खंड जरा जपून वापर.

पुढच्या खेपेला फ्रेंच ‘प्वाझों’ घे. अर्थ विष, मूळ लॅटिन ‘पोटिओ’, म्हणजे पेय. मधल्या पायऱ्या शोध आणि लिहून पाठव.

तुझा,
काका