दक्षिण कोरियाच्या बेसबॉल लीगमध्ये हान्वा ईगल्स २०२६ चा हंगाम जिंकू शकेल का?

जिंकू शकेल, पण मी पैज एलजी ट्विन्सवरच लावेन.

२०२५ मध्ये डेजॉनचा हा संघ दुसरा आला आणि कोरियन सिरीज या अंतिम मालिकेत एलजीकडून ४-१ असा हरला. त्या यशाचा कणा होते दोन परदेशी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू. कोडी पॉन्सने १७ सामने जिंकले, फक्त एक हरला आणि २५२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) घेतले. रायन वाइसने १६ जिंकले. दोघेही आता संघ सोडून उत्तर अमेरिकेत परतलेत. दोघांचे मिळून ३३ विजय, ही पोकळी नव्या परदेशी पिचरांकडून लगेच भरून निघेल असं मला वाटत नाही. अनुभवी पिचर र्यू ह्यून-जिन अजूनही हुशारीने टाकतो, पण वय ३९. म्हणून खरा भार तरुण पिचर मून डोंग-जूवर. ताशी १६० किलोमीटरचा वेग आहेच, आता त्याने पूर्ण हंगाम टिकायला हवं.

फलंदाजी मात्र भक्कम झालीय. कांग बेक-होला चार वर्षांसाठी कमाल १००० कोटी वॉन देऊन आणलंय. गेल्या वर्षी ३२ होमरन मारणाऱ्या नो शी-ह्वानसोबत तो खेळणार, म्हणजे धावा होतील. एकमेव विजेतेपद १९९९ चं. इतकी वर्षं स्टेडियम भरवणाऱ्या त्या प्रेक्षकांसाठी तरी माझा अंदाज चुकावा, असं मनापासून वाटतं.